घरी शिकतो, घरीच असती

हल्ली मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या आईवडिलांबद्दल बरंच ऐकायला मिळतं. 'होमस्कूलिंग' हा शब्द पुण्यामुंबईत आता कुणाला नवा राहिलेला नाही. आमच्या पाथर्डीत मात्र तो उच्चारला की समोरचा म्हणतो, "म्हणजे पोरगं शाळा बुडवतंय म्हणा की!" मी तीसेक वर्षं मास्तरकी केली, त्यामुळे यावर माझं मत काय असं बरेच जण विचारतात. विचारण्याचा सूर असा असतो की बाई आता चिडणार. मी चिडत नाही. पण माझं उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

माझ्या एका भाचीच्या घरी हा प्रयोग गेली काही वर्षं चालू आहे. पुण्याबाहेर मुळशीच्या वाटेवर त्यांचं घर आहे. दोघे भाऊ, दोघी जावा, सासूबाई आणि दोघींची मिळून पाच मुलं. थोरली पंधरा वर्षांची, धाकटा पाचाचा. एकही शाळेत जात नाही. मागे मी तिथे आठ दिवस राहून आले. खरं सांगायचं तर मनात थोडी तपासनिसाची वृत्ती घेऊनच गेले होते. जुनी खोड, दुसरं काय!

त्यांचा दिवस साधारण असा असतो. सकाळी उठून ज्याचं त्याने अंथरूण काढायचं, केर, भांडी, झाडांना पाणी ही कामं वाटून घ्यायची. नऊ ते साडेअकरा जेवणाच्या टेबलाभोवती अभ्यास. भाची गणित आणि विज्ञान बघते, तिची जाऊ भाषा आणि इतिहास. पण निम्मं शिकवणं थोरलीच करते. ती तिसऱ्याला अपूर्णांक समजावते, तिसरा धाकट्याकडून बाराखडी म्हणून घेतो. जेवणं झाली, आजींची डुलकी झाली की ओसरीवर शिवण सुरू होतं. तिथे दोन मशिनं आहेत. एक आजींचं जुनं काळं पायमशीन, एक विजेवरचं. शिवण हा या घराचा छंद आहे आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही, हे मला फार आवडलं.

अकरा वर्षांचा मुलगा स्वतःच्या पँटला खिसा लावत होता. खिसा तिरका बसला. कुणी काही बोललं नाही. त्याने स्वतःच बघितला, उसवला, खडूने पुन्हा आखला, पुन्हा शिवला. पुन्हा तिरका. पुन्हा उसवला. तिसऱ्या खेपेला खिसा सरळ बसला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी वर्गात फार कमी वेळा पाहिलं आहे. शाळेत तीनदा उसवायला वेळ कुठला? पस्तीस मिनिटांचा तास, पन्नास मुलं आणि पुढचा धडा दारात उभा!

नऊ वर्षांची मुलगी गोधडीचा हिशेब मांडत बसली होती. गोधडी सहा फूट लांब, चार फूट रुंद. चौकोन सहा इंचाचे. बारा ओळी गुणिले आठ, म्हणजे शहाण्णव चौकोन. मी म्हटलं, शाब्बास! तर ती म्हणाली, "पण आजी, कापायचे सात इंचाचे. दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच शिवणीत जातो ना!" पाठ्यपुस्तकातलं गणित सहा इंचावर संपतं. हा सातवा इंच सुई हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

तर घरी मुलं शिकू शकतात का? शिकतात, उत्तम शिकतात. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि मला त्यात नवलही वाटत नाही, कारण माझं बालपण अशाच एका घरात गेलं. फक्त त्याला कुणी इंग्रजी नाव दिलेलं नव्हतं.

पाथर्डीतल्या आमच्या जुन्या वाड्यात सतरा माणसं होती, त्यांत आम्ही मुलं नऊ. चातुर्मासात आजोबा 'पांडवप्रताप' वाचायचे आणि बायका ऐकता ऐकता गोधडी शिवायच्या. जुनी लुगडी, धोतरं धुऊन, घडीवर घडी अंथरून, कडेपासून धावदोरा घालत आत आत सरकायचं. चार कोपऱ्यांना चौघी बसायच्या. आम्हा पोरींना आधी नुसती सुई ओवायचं काम, मग ठिगळं जुळवायचं, मग कडेचा टाका. आतला टाका मिळायला दोन वर्षं लागायची. बाजारात मीटर आले होते, पण आजीचा हिशेब वार आणि गिऱ्यांतच चालायचा. सोळा गिऱ्यांचा वार. "पोलक्याला बारा गिरे, अशी पाच पोलकी. कापड किती?" पाऊणकी पाठ असली की उत्तर तोंडावर, पावणेचार वार. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे सगळं मी शाळेत नाही, त्या गोधडीच्या कडेला बसून शिकले. आजी स्वतः निरक्षर होती, हेही सांगायला हवं.

आता बघा, हे सगळं वाचताना छान वाटतं. मलाही लिहिताना छान वाटतं. पण त्या घराचा एक हजेरीपटही होता आणि तो कुठे लिहिलेला नव्हता. सुई कुणाच्या हातात द्यायची आणि पाटी कुणाच्या, हे तो पट ठरवायचा.

आमची अक्का, म्हणजे माझी थोरली चुलत बहीण, तिसरीतून काढली. तिला शाळा आवडत नव्हती असं नाही. घरात लागोपाठ दोन पाळणे हलले आणि मुलं सांभाळायला कुणीतरी हवं होतं. माझे भाऊ शिकले. मीही पुढे बी. ए. झाले, मराठी माध्यमातून. पण ते माझं कर्तृत्व म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. माझी पाळी येईपर्यंत पाळणे हलायचे थांबले होते, एवढंच.

अक्काचे हात म्हणजे सोन्याचे. टेप न लावता नुसत्या नजरेने पोलकं बेतायची आणि ते अंगाला चिकटल्यासारखं बसायचं. उरेब कापड कसं धरायचं, बाही कशी बसवायची, हे आसपासच्या गावांतल्या बायका तिच्याकडून शिकून जायच्या. पुढे एका शाळेत शिवणाच्या शिक्षिकेची जागा निघाली. तिला सातवी पास आणि शिवणाचं प्रमाणपत्र हवं होतं. अक्काकडे दोन्ही नव्हतं. जागा दुसऱ्या बाईंना मिळाली. त्या चांगल्या होत्या, माझं त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण बाही बसवायला अडलं की त्या संध्याकाळी अक्काकडे यायच्या, आणि अक्का चहा करून त्यांना शिकवायची. पगार त्यांना, चहाची साखर अक्काची! अक्का हे हसत सांगायची. मला कधी हसू आलं नाही.

घरच्या शिक्षणाची हीच मेख आहे. घर प्रेमाने शिकवतं, पण कुणाला शिकवायचं हेही घरच ठरवतं. आणि ज्याला शिकवायचं नाही त्याला दाद मागायला दुसरं दार नसतं.

आपल्या महाराष्ट्राचा इतिहास या बाबतीत मोठा बोलका आहे. सावित्रीबाई फुले घरी शिकल्या. जोतीरावांनी त्यांना शिकवलं. पुढे अध्यापनाचे धडे त्यांनी आमच्या नगरला मिस फॅरार यांच्याकडे घेतल्याचं त्यांच्या चरित्रांत येतं. पंडिता रमाबाईही घरीच शिकल्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला, ते गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले, आणि त्या आईने मुलीला संस्कृत दिलं. रमाबाई रानडे यांचं लग्न १८७३ साली झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना घरीच लिहावाचायला शिकवलं आणि त्याच घरातल्या बायकांनी त्यांना त्यासाठी किती छळलं हे त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. माणसांनी भरलेलं घर, त्यात एक जण शिकवणारा आणि बाकीच्या अडवणाऱ्या!

आता गंमत बघा. घरी शिकलेल्या या तिघींनी पुढे काय केलं? तिघींनी शाळा काढल्या, चालवल्या. सावित्रीबाई १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं आणि नंतर दौंडजवळच्या केडगावला मुक्ती सदन. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्याचं सेवासदन उभं केलं. केडगावला आणि सेवासदनात अक्षरांबरोबर शिवणकामासारखे हाताचे उद्योगही शिकवले जात. म्हणजे सुई त्यांनी टाकून दिली नाही. सुईच्या जोडीला अक्षर आणि अक्षराच्या जोडीला कमाई दिली. घरी शिकणं किती चांगलं असू शकतं हे या तिघींना आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं. आणि ते एका माणसाच्या मर्जीवर टांगलेलं असतं, हेही. जोतीराव, अनंतशास्त्री, न्यायमूर्ती सगळ्यांच्याच घरी कुठून असणार?

मी हे लिहिते आहे ते पाथर्डीत बसून. हे गाव पुण्यापासून फार लांब नाही, पण दुनिया वेगळी आहे. आमचा तालुका दुष्काळी. दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला निघतात. नवराबायकोच्या जोडीला मुकादम 'एक कोयता' म्हणतो. माणसांची मोजदाद हत्याराने! कोयत्याबरोबर लेकरंही जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. उसाच्या पाचटाच्या कोपीत चारपाच महिने काढायचे. आईबाप पहाटे फडात गेले की दहा वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन कोपी सांभाळते, चूल पेटवते. फाटलं असेल ते शिवते.

मी नोकरीत होते तेव्हा दिवाळीनंतर वर्गात बाकं रिकामी दिसायला लागायची. चौकशीला वस्तीवर गेलं की म्हातारी सांगायची, "पोरगा गेला आईबापासंग." आणि पोरगी? "पोरगी घरीच असती की बाई." हे 'घरीच असती' मी इतक्यांदा ऐकलं आहे की 'माझा मुलगा घरी शिकतो' असं कुणी अभिमानाने म्हणालं की मला पाठोपाठ ते दुसरं वाक्य ऐकू येतं. दोन्ही मुलं घरी. एकाला घरी ठेवायला आईने नोकरी सोडलेली असते. दुसरीला घरी ठेवलेलं असतं, कारण आईला कोयता सोडता येत नाही.

हे सगळं बदलावं म्हणून बरंच झालंही. साखरशाळा निघाल्या. मुलांनी गावातच राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली. स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आलं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षण. या कायद्याची खुबी अशी की त्यात हक्क मुलाचा आहे आणि सक्ती सरकारवर आहे. पोरगी घरीच असती म्हटलं तरी तिला शोधत येणं हे कुणाचं तरी काम आहे. आमच्या अक्काला शोधत कुणी आलं नव्हतं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि साऱ्या देशालाच घरी शिकण्याचा अनुभव आला. ज्या घरात शिकलेली माणसं, वेळ आणि फोन होता तिथे मुलं शिकली, काही तर शिवण-स्वयंपाकही शिकली. जिथे हे नव्हतं तिथली मुलं 'घरीच असती' झाली. शाळा म्हणजे नुसती इमारत नाही हे आपण नेहमी म्हणतो. ती इमारत बंद झाल्यावर तिची किंमत कळली.

मग भाचीचं चुकतं आहे का? मला तसं वाटत नाही. शाळांची तरफदारी मी डोळे मिटून करणार नाही. शाळेत मुलांचा वेळ वाया जातो, मारून मुटकून पाठांतर होतं, हळू शिकणारा मागे पडतो आणि वेगाने शिकणारा कंटाळतो. मुंबईची मालविका जोशी सातवीनंतर शाळेत गेली नाही, आईने नोकरी सोडून तिला घरी शिकवलं, तिने आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ साली तिला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. आपल्या आयआयटीला मात्र ती बारावी पास नसल्यामुळे चालली नसती! अशा मुलांना शाळेच्या चौकटीत कोंबण्यात काय शहाणपण?

आणि सुई तर शाळेतून आपणच हद्दपार केली. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या उद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, म्हणून आमच्या पिढीने शाळेत टकळीवर सूत कातलं. पुढे कार्यानुभवाचा तास आला आणि परीक्षा जवळ आली की गणिताने गिळला. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस 'दप्तराविना' सांगितले आहेत, स्थानिक कारागिरांकडून शिकण्यासाठी. आमच्या तालुक्यात गोधडी शिवणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. त्यांना वर्गात सन्मानाने खुर्ची, नाही तर सतरंजी द्या, मानधन द्या, आणि मुलग्यांच्याही हातात सुई द्या. सातव्या इंचाचा हिशेब सगळ्यांनाच कळू दे.

घरी शिकवण्याबद्दल आपल्या शिक्षण हक्क कायद्यात वेगळं काही म्हटलेलं नाही. जर्मनीत मुलाला शाळेत पाठवावंच लागतं. इंग्लंडात १९९६ च्या कायद्याने मुलाला शिक्षण देण्याची जबाबदारी आईवडिलांवर टाकली आहे, मग ते शाळेत असो वा अन्य रीतीने. आपल्याकडे मधलीच अवस्था आहे. दहावी-बारावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, १९८९ पासून राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचीही वाट आहे. पण तोपर्यंत मुलाचं घरात काय चाललं आहे हे विचारणारं कुणी नाही.

मला वाटतं, विचारणारं कुणीतरी असावं. घरी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाची जवळच्या शाळेत नोंद असावी आणि वर्षातून दोनदा एखाद्या शिक्षकाने त्याच्याशी निवांत गप्पा माराव्यात. परीक्षा नको. आईवडिलांना बाहेर बसवून फक्त मुलाला विचारायचं, "तुला काय शिकायला आवडेल? ते मिळतंय का? शाळेत यावंसं वाटतं का?" चांगल्या घराला याने काही त्रास व्हायचं कारण नाही. भाचीला मी हे बोलले तेव्हा ती जरा फुरंगटली. "मावशी, आमच्यावर पाळत कशाला?" मी म्हटलं, "बाई गं, तुझ्या दारात येणारा माणूस त्याच वाटेने पुढे कोपीपर्यंतही गेला पाहिजे. तू दार लावलंस तर त्याची वाट तिथेच मोडते."

आणि एक मागणं तिच्यासारख्या घरांकडे आहे. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची हालचाल सुरू झाली. वाड्यावस्त्यांवरची शाळा अशी एक एक करून लांब गेली तर आधी कुणाची शाळा सुटेल हे सांगायला मास्तर असावं लागत नाही. ज्या घरांत शिकवण्याची एवढी हौस, एवढी पुस्तकं आणि दोन दोन मशिनं आहेत, त्यांनी आठवड्यातून एक दुपार जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला द्यावी. मुलांनाही घेऊन जावं. तीनदा उसवून खिसा सरळ बसवणारा मुलगा दुसऱ्या मुलाला तो बसवायला शिकवेल, तेव्हा त्याचं शिक्षण पुरं होईल असं मी समजेन.

भाचीने अजून हो म्हटलेलं नाही. तिच्या धाकट्या जावेने मात्र शाळेचा पत्ता विचारून घेतला आहे.